बॉनेटखालची मळी: इंजिन धुवायचं नाही, पुसायचं

खंडेनवमीला आमच्याकडच्या वॉशिंग सेंटरबाहेर गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत येते. काही वर्षांपूर्वी त्या रांगेत मीही होतो. माझा नंबर आला तेव्हा नळी धरलेल्या पोरानं विचारलं, "काका, इंजिनपण मारू का?" वर्षभराची धूळ आणि तेलाचा चिकटा साचलेला होता. म्हटलं, मार. दोन मिनिटांत इंजिन नव्यासारखं झालं. मीच त्याला वर वीस रुपये दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाली, बॉनेटला झेंडूचा हार घातला आणि आईला घेऊन साताऱ्याला निघालो. गाडी जागेवरच किंचित थरथरत होती, पण ते मी मनावर घेतलं नाही. खंबाटकीचा चढ लागला तशी तिनं धक्के मारायला सुरुवात केली. ॲक्सिलरेटर दाबला की गाडी पुढे जायच्या ऐवजी मान हलवल्यासारखी करायची, आणि डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लुकलुकत होता. घाटाखाली एक गॅरेज होतं. तिथल्या माणसानं आवाज ऐकला आणि बॉनेट उघडायच्या आधीच विचारलं, "काल इंजिन धुतलं का?" मग एक कॉइल, म्हणजे स्पार्क प्लगला वीज पुरवणारा भाग, वर ओढून दाखवली. तिच्याखालच्या प्लगच्या खड्ड्यात पाणी होतं, चहाच्या बशीत सांडतो तेवढंच. चारपैकी एक सिलिंडर मारतच नव्हता.

त्या दिवसापासून मी इंजिन कुणाला धुऊ देत नाही. स्वतः पुसतो. वर्षातून दोनदा, एकदा पावसाळा सरल्यावर आणि एकदा मार्चमध्ये. एक सकाळ जाते. ते कसं करतो ते खाली सांगितलं आहे. ज्यानं आजवर बॉनेट फक्त वायपरचं पाणी भरायला उघडलं आहे, त्यालाही हे जमावं.

मुळात पुसायचं कशाला?

चकाचक दिसावं म्हणून तर नाहीच. सेकंडहँड गाडी घ्यायला गेलो आणि बॉनेटखाली आरशासारखं चमकणारं इंजिन दिसलं की मला आधी संशय येतो: काल काय पुसून टाकलं यांनी? पुसायचं ते आपल्याला दिसावं म्हणून. गॅस्केटमधून, म्हणजे इंजिनाच्या दोन भागांमधल्या सीलमधून, झिरपणारं ऑइल धुळीत मुरतं, त्याचा काळा चिकटा होतो, आणि मग गळती नेमकी कुठून आहे हे मेकॅनिकलाही सांगता येत नाही. भेगाळलेली रबराची नळी, उंदरानं कुरतडलेली वायर, बॅटरीच्या टर्मिनलवर उगवलेली पांढरी-निळी बुरशी, हे सगळं त्या थराखाली लपतं. शिवाय सुकलेली पानं आणि तेलात भिजलेली धूळ एक्झॉस्टच्या जवळ साठत राहणं आगीच्या दृष्टीनंही बरं नाही.

हे काम कुणी करू नये

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल आणि बॉनेटखाली नारिंगी रंगाच्या जाड केबल दिसत असतील, तर बॉनेट बंद करा. त्या उच्च दाबाच्या विजेच्या केबल आहेत. तिथलं काम कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचं. सीएनजी गाडीत गॅसचा जरासाही वास येत असेल तर सफाई बाजूला ठेवा आणि आधी ते दाखवा. वास नसेल तरी रेग्युलेटर, गॅसच्या नळ्या आणि त्यांचे वायरचे जोड यांना पाणी लावायचं नाही, ओलसर फडकं पुरे. गाडी वॉरंटीत असेल तर गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक एकदा काढून बघा. ते बहुधा ग्लोव्हबॉक्समध्ये प्लॅस्टिकच्या वेष्टनातच पडलेलं असतं. इंजिनावर पाणी मारण्याबद्दल त्यात काय लिहिलं आहे ते पाळा.

डिझेल गाडीला स्पार्क प्लग नसतात, म्हणून काही जण तिच्यावर बिनधास्त पाणी सोडतात. पण इंजेक्टर, सेन्सर, अल्टरनेटर तिथेही आहेतच. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे गाड्यांच्या धुराचं मानक लागू झालं, त्यानंतरच्या गाड्यांत, विशेषतः डिझेलच्या, सेन्सर आणि वायरचे जोड आणखी वाढले. नियम तोच, पाणी कमी.

सामान

बहुतेक घरातच निघेल. रंगाच्या दुकानातले दोन कुंचले, एक इंचाचा आणि दोन इंचाचा. कुंचल्याच्या धातूच्या पट्टीवर चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे ती कुठे घासणार नाही आणि विजेच्या जोडाला टेकणार नाही. दोन जुने टूथब्रश. फवारा मारायच्या दोन बाटल्या, एक साध्या पाण्याची, एक डिग्रीझरची, म्हणजे तेलकट मळ सोडवणाऱ्या द्रावणाची. मायक्रोफायबरची चार-पाच फडकी, आणि पहिल्या काळ्या हातासाठी जुने सुती बनियन. मायक्रोफायबर पहिल्याच फेरीत बरबटून घेऊ नका. दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, जाड रबरबँड, मास्किंग टेप. टॉर्च. रबरी हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल, कारण बॉनेटखाली वाकलेलं असताना उडालेला थेंब थेट डोळ्यातच जातो. दहाचा (१० मिमीचा) पाना. घरात व्हॅक्यूम क्लीनर किंवा हवेचा छोटा ब्लोअर असेल तर उत्तम.

डिग्रीझर घेताना पाण्यात मिसळणारा घ्या, आणि ॲल्युमिनियम, रबर, प्लॅस्टिकला चालतो असं त्यावर लिहिलेलं असू द्या. इंजिनाचे बरेच भाग ॲल्युमिनियमचे असतात. कॉस्टिकसारखा कडक क्षार ॲल्युमिनियमला खातो आणि त्यावर पांढरट-काळे डाग पाडतो. ते डाग मग निघत नाहीत. धूळ नुसती कोरडी असेल, तेलकटपणा नसेल, तर गाडी धुवायचा शाम्पू पाण्यात पातळ करून काम भागतं.

इथे एका जुन्या सवयीबद्दल बोलायलाच हवं. आपल्याकडे इंजिनावर आणि खालून चॅसीवर डिझेल किंवा रॉकेल फवारायची पद्धत आहे. लगेच चकाकी येते, म्हणून गिऱ्हाईकही खूष. पण कूलंटच्या नळ्यांचं रबर बहुधा अशा जातीचं असतं की पेट्रोलियम तेल लागलं की ते फुगतं आणि मऊ पडतं. सस्पेन्शनच्या रबरी बुशांनाही तेल सोसत नाही. वर उरलेला तेलाचा पातळ थर आठवड्याभरात दुप्पट धूळ धरतो. आणि पेट्रोलचं तर नावच नको. थंडीतल्या हवेतही त्याची वाफ पेट घेते, एका ठिणगीचं काम.

आधी थंड होऊ द्या

रविवारी सकाळी, ऊन यायच्या आत, गाडी रात्रभर उभी असताना सुरुवात करा. गाडी नुकतीच आली असेल तर तासभर तरी थांबा. टॅपेट कव्हरवर, म्हणजे जिथे ऑइल भरायचं झाकण असतं त्या भागावर, उघडा तळहात आरामात ठेवता आला पाहिजे. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा जुडगा, सगळ्यात शेवटी थंड होतं, त्याला हात लावून बघू नका. तापलेल्या धातूवर गार पाणी पडलं तर तो एकदम आकसतो आणि तडकू शकतो. दुसरं म्हणजे गरम पत्र्यावर डिग्रीझर पुसायच्या आधीच वाळतो आणि नकाशे उमटतात.

उभं करायची जागा सावलीची आणि सपाट हवी. खाली जुना पुठ्ठा किंवा गोणपाट पसरा. काळं पाणी सोसायटीच्या पावसाळी गटारात सोडू नका. आपण पाणी इतकं कमी वापरणार आहोत की गोणपाटच ते पिऊन घेईल.

हँडब्रेक ओढा. किल्ली खिशात नको, घरात ठेवा. बटणवाल्या गाडीत तर नक्कीच. मग बॉनेट उघडून दांडी नीट खाचेत बसली आहे ना ते बघा, आणि कशालाही हात लावायच्या आधी मोबाइलवर सात-आठ फोटो काढा. एक पूर्ण, बाकीचे कोपऱ्याकोपऱ्यांचे. कुठे ओलं आहे, कुठे काळं आहे, कुठली वायर कुठून गेली आहे. हे फोटो मेकॅनिकला दाखवायला लागतात. पुसून झाल्यावर पुरावा राहत नाही.

बॅटरी

निगेटिव्ह, म्हणजे सहसा काळी, वजा खूण असलेली वायर आधी काढायची. हा क्रम उगाच पाठ करायचा नाही, त्याला कारण आहे. गाडीचा अख्खा पत्रा निगेटिव्हला जोडलेला असतो. तुम्ही पॉझिटिव्हचा नट आधी सोडवायला गेलात आणि पान्याचं दुसरं टोक पत्र्याला टेकलं, तर पान्यातून थेट शॉर्ट. ठिणगी तर उडतेच, पाना हातात तापतो. निगेटिव्ह आधी निघाली की तो रस्ताच बंद होतो. जोडताना उलट, निगेटिव्ह शेवटी. बॅटरी काढल्यानं घड्याळ आणि रेडिओचे स्टेशन जातील. काही गाड्यांत म्युझिक सिस्टिमला कोड लागतो, तो आधी शोधून ठेवा. रेडिएटरचा पंखा काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही आपोआप फिरतो. बॅटरी सुटलेली असली की त्याचीही भीती नाही.

टर्मिनलवर पांढरी किंवा हिरवट-निळी पूड असेल तर आत्ताच साफ करा. ग्लासभर कोमट पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा. ते टूथब्रशनं थोडं थोडं लावलं की फेस येतो, आम्ल मारलं जात असल्याची ती खूण. फेस थांबेपर्यंत लावा, ओल्या फडक्यानं पुसा, मग कोरड्या. पाणी भरायची झाकणं असलेली बॅटरी असेल तर ती घट्ट आहेत ना ते आधी बघा. सोडा आत सेलमध्ये गेला तर तिथलंही आम्ल मरेल. हा टूथब्रश आणि हे फडकं पुन्हा दुसरीकडे वापरायचं नाही. कपड्याला लागलं तर दोन धुण्यांत भोक पडतं, माझ्या दोन पँटी गेल्या आहेत. शेवटी जोडणी झाल्यावर टर्मिनलवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात.

कोरडं काम आधी

इथे घाई करू नका. बॉनेटखालच्या कचऱ्यातला निम्मा भाग पाण्याशिवायच निघतो, आणि पाणी लागलं की त्याचाच चिखल होतो. वरून खाली या. बॉनेटच्या आतल्या बाजूला कापसासारखा काळा गादीसारखा थर असतो. त्याला पाणी अजिबात नको, व्हॅक्यूमनं हलकेच ओढा. मग कोरड्या कुंचल्यानं प्लॅस्टिकची झाकणं, वायरचे झुपके, नळ्यांच्या वरच्या बाजू झटका. कोकणातल्या गाडीत लाल मातीचं पीठ निघेल, ऊस पट्ट्यातल्या गाडीत पाचटाचे तुकडे.

काचेच्या खाली, वायपरच्या पायथ्याशी जो काळा प्लॅस्टिकचा पन्हाळीसारखा भाग असतो, तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. काचेवरचं पाणी त्यात उतरतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून खाली जातं. माझ्या गाडीत तिथे काय निघालं? झेंडूच्या पाकळ्या. दसऱ्याच्या हारातल्या, वर्षभर कुजून तपकिरी लगदा झालेल्या, आणि सोबत आपट्याची पानं. दोन्ही भोकं बंद. पावसाळ्यात गाडीत कुबट वास का येत होता आणि शेजारच्या सीटखालचं कार्पेट ओलं का असायचं, ते तेव्हा कळलं. पाणी भोकातून जायच्या ऐवजी ब्लोअरच्या तोंडातून आत येत होतं. हातानं पानं वेचा, जाड प्लॅस्टिकच्या केबल टायनं भोक मोकळं करा आणि तांब्याभर पाणी हळू ओता. ते पुढच्या चाकामागे टपटप पडलं पाहिजे.

उंदराच्या लेंड्या किंवा चिंध्या-गवताचं घरटं दिसलं तर कोरडं झटकणं तिथेच थांबवा. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो. आपल्याकडे मुंबई-कोकणात पावसाळ्यात त्याचे रुग्ण दरवर्षी निघतात. मास्क लावा, हातमोजे तपासा, हाताला जखम असेल तर काम दुसऱ्याला द्या. त्या जागेवर जंतुनाशकाचं पाणी हलकं फवारून दहा मिनिटं भिजू द्या, मग कागदानं उचलून पिशवीत बांधून टाका. आणि आसपासची प्रत्येक वायर टॉर्चनं बघा. एका जरी वायरचं तांबं उघडं दिसलं तरी आज पाणी नाही. ती वायर आधी नीट करून घ्या.

झाकाझाक

आता पिशव्या आणि रबरबँड. झाकायचं काय? अल्टरनेटर, ज्याला जुने मेकॅनिक अजून डायनामो म्हणतात: पट्ट्यावर फिरणारा, जाळीदार तोंडाचा, आतल्या तांब्याच्या तारा दिसणारा गोळा. फ्यूज बॉक्स आणि ईसीयू. ईसीयू म्हणजे इंजिनाचा संगणक, जाडजूड वायरचा झुपका ज्यात शिरतो ती चपटी धातूची डबी. एअर फिल्टरचं हवा ओढायचं तोंड. त्यातून जास्त पाणी आत गेलं आणि इंजिन सुरू केलं तर पिस्टन ते दाबू शकत नाही, कारण पाणी दाबलं जात नाही, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. कॉइलची रांग. बॅटरी. ऑइलचं झाकण, डिपस्टिक आणि ब्रेक ऑइलची टाकी यांची तोंडं घट्ट आहेत ना तेवढं बघा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणीसुद्धा शोषतं. त्यात पाणी गेलं की ते कमी तापमानाला उकळतं आणि उतारावर ब्रेकचा पाय खाली जातो.

काही जण ॲल्युमिनियमची फॉइल वापरतात. ती चांगली बसते, पण बॅटरीच्या जवळपास नको. फॉइलमधून वीज वाहते.

मी प्रत्येक पिशवीवर मास्किंग टेपचा तुकडा लावून आकडा लिहितो. सहा झाकल्या तर सहा निघाल्या पाहिजेत. एकदा पाचच निघाल्या, आणि सहावी पट्ट्याच्या अगदी बाजूला मिळाली. इंजिन सुरू केलं असतं तर ती पुलीत गुंडाळली गेली असती.

डिग्रीझर आणि कुंचला

डिग्रीझर किती पातळ करायचा ते बाटलीवर लिहिलेलं असतं. मी पहिल्या फेरीला त्याहून पातळच करतो. गरज लागली तर घट्ट करता येतो, डाग पडला तर परत घेता येत नाही. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून बघा.

बॉनेटखालची सगळी जागा एकदम भिजवू नका. मनात तिचे चार भाग करा आणि एका वेळी एकच घ्या. फवारा इंजिनावर न मारता शक्यतो कुंचल्यावर मारा. नवख्या माणसाला एकच गोष्ट सांगायची तर मी हीच सांगेन. कुंचल्यावर मारलं की पाणी जिथे आपण नेऊ तिथेच जातं. हलक्या हातानं गोल गोल फिरवा, फेस काळा झाला की बनियनच्या फडक्यानं टिपून घ्या. जुनाट तेलाचा थर असेल तिथे डिग्रीझर दोन-तीन मिनिटं मुरू द्या, पण वाळू देऊ नका. बोल्टच्या भोवती, खाचांमध्ये टूथब्रश. टॅपेट कव्हरच्या कडेनं टूथब्रश फिरवताना लक्ष ठेवा: कुठल्या बाजूला थर जास्त जाड आहे? तिथेच गळती असायची शक्यता जास्त.

वायरच्या जोडांवर कुंचला नको, ओलसर फडकं बोटावर गुंडाळून पुसा आणि जोड ओढू नका. जुन्या गाडीत त्यांच्या प्लॅस्टिकच्या कड्या बिस्किटासारख्या मोडतात. पट्ट्यांना, म्हणजे बेल्टना, डिग्रीझर लावायचाच नाही.

पुढे रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर. त्यांच्या पातळ पात्यांत अडकलेले किडे मऊ कुंचल्यानं उभ्या दिशेनं काढा. आडवं घासलं तर पाती वाकतात, आणि वाकलेल्या पात्यांतून हवा जात नाही.

पाणी

नळी नाही, प्रेशर वॉशर तर नाहीच. घरगुती प्रेशर वॉशरसुद्धा साधारण शंभर बारच्या वर दाब देतो. वायरच्या जोडांची रबरं शिंतोड्यांसाठी असतात, समोरून येणाऱ्या अशा माऱ्यासाठी नसतात, आणि दहा वर्षांच्या गाडीत ती रबरं कडक झालेली असतात.

स्वच्छ पाण्याच्या बाटलीतून हलका फवारा, लगेच फडकं. पुन्हा फवारा, पुन्हा फडकं. अख्ख्या बॉनेटखालच्या भागाला मला चार-पाच लिटर पाणी पुरतं. बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर वाळल्यावर पांढरे ठिपके राहतात, म्हणून शेवटच्या हाताला पिण्याचं पाणी घ्या. डिग्रीझर कुठेही राहू देऊ नका, विशेषतः ॲल्युमिनियमवर.

वाळवणं आणि पहिला स्टार्टर

कोरड्या मायक्रोफायबरनं एकदा सगळीकडून. खाचांत साचलेलं पाणी ब्लोअरनं उडवा, पण हवेचा झोत जोडांच्या आत शिरेल असा धरू नका. पिशव्या मोजून काढा. मग बॉनेट उघडं ठेवूनच गाडी तासभर तशीच सोडा. आता ऊन आलं तरी चालेल. मी तेवढ्यात पोहे खाऊन येतो.

परत आल्यावर कॉइलच्या भोवती बोट फिरवून बघा. कोरडं असेल तर बॅटरी जोडा, निगेटिव्ह शेवटी. बॉनेटखाली एखादं फडकं, टूथब्रश राहिला नाही ना? मग चालू करा आणि दहा-पंधरा मिनिटं जागेवर चालू द्या. उरलेली ओल उडते, थोडी वाफ दिसेल, डिग्रीझरचा किंचित वास येईल. बॅटरी काढलेली असल्यानं पहिली मिनिटभर इंजिन जरा वर-खाली होऊ शकतं, ते आपोआप जागेवर येतं. या वेळी सैल बाह्या, ओढणी, लोंबणारी माळ पट्ट्यापासून लांब ठेवा.

गाडी मिसिंग मारायला लागली, थरथरू लागली, इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला, तर ताबडतोब बंद करा. "चालवली की वाळेल" हा सल्ला कुणी ना कुणी देईलच. माझ्याकडूनही घाटात तेच झालं. कॉइलमधून प्लगकडे हजारो व्होल्ट जातात. खड्ड्यात पाणी असलं की वीज प्लगच्या टोकाशी ठिणगी पाडायच्या ऐवजी पाण्यातून इंजिनाच्या धातूत उतरते. सिलिंडर मारत नाही, न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमधून कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धुरातलं प्रदूषण कमी करणाऱ्या भागात, जातं आणि तिथे पेटून त्याला आतून वितळवतं. प्लगच्या खड्ड्यातलं पाणी पुसणं फुकटचं काम, कन्व्हर्टर बदलणं हजारोंचं.

मग करायचं काय? इंजिन थंड होऊ द्या, निगेटिव्ह काढा. कॉइलचा जोड कडी दाबून सोडवा, तिचा एक बोल्ट असतो, बऱ्याच गाड्यांत दहाच्याच पान्याचा. कॉइल सरळ वर ओढा, वाकडी नको. लांब काडीला कापड गुंडाळून खड्डा टिपा, कॉइलच्या रबराची नळी आतून-बाहेरून पुसा, अर्धा तास उघडं ठेवा. प्लग मात्र काढू नका. पाणी असताना तो काढला तर ते सगळं थेट सिलिंडरमध्ये पडतं. हे करायची हिंमत होत नसेल तर गाडी न हलवता मेकॅनिकला घरी बोलवा.

चकाकीसाठी बाजारात जे ड्रेसिंग मिळतं, ते लावायचंच असेल तर पाण्याचं घ्या, फक्त काळ्या प्लॅस्टिकवर, फडक्यानं, आणि उरलेलं पुसून टाका. तेलकट प्रकार धूळ ओढतात. बेल्ट, पुली, एक्झॉस्ट यांना चुकूनही नको. मी लावत नाही. बॉनेटच्या लॉकमधलं जुनं काळं ग्रीस पुसून नवं बोटभर लावतो, ते जास्त उपयोगाचं.

तीन दिवसांनी

गाडी नेहमीसारखी चालवा, आणि तीन दिवसांनी थंड इंजिनावर टॉर्च मारून पुन्हा बघा. फोटोतल्याच कोनांतून बघा. आता स्वच्छ धातूवर ऑइलची ताजी रेघ लगेच दिसते. माझ्या गाडीत ती टॅपेट कव्हरच्या मागच्या उजव्या कोपऱ्यातून खाली आली होती. त्याआधी एका गॅरेजनं क्रँकचं सील बदलायला सांगितलं होतं, त्याला गिअरबॉक्स उतरवावा लागला असता. फोटो घेऊन दुसरीकडे गेलो, कव्हरचं गॅस्केट बदललं, आणि रेघ परत आली नाही.

त्याच रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवून ठेवा. सकाळी तपकिरी-काळा ठिपका असेल तर इंजिन ऑइल. हिरवा, निळा किंवा गुलाबी असेल तर कूलंट. पिवळसर, बोटाला निसरडा लागणारा आणि पुढच्या चाकाच्या आतल्या बाजूला पडलेला असेल तर ब्रेक ऑइल समजा आणि गाडी बाहेर काढू नका. नुसतं स्वच्छ पाणी असेल आणि काल एसी लावला होता, तर ते एसीच्या नळीतून पडलेलं आहे. ते तसंच पडू द्या.